इंजिन खोलण्यापूर्वी ते चालू ठेवून ऐकावे

प्रति,
मा. संपादक यांस,
सविनय नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या शेतीविषयक पानावर गेल्या पंधरवड्यात डिझेल इंजिनाच्या निगेसंबंधी एक छोटे टिपण आले होते. हवागाळणी साफ ठेवणे, ऑइल वेळेवर बदलणे, डिझेल गाळून भरणे याविषयीच्या त्यातील सूचना योग्यच होत्या. मात्र टिपणाच्या शेवटी ‘इंजिनाचा आवाज वाढल्यास जाड ऑइल वापरावे, तरीही आवाज कमी न झाल्यास इंजिन खोलून घ्यावे’ असा सल्ला होता, आणि तो वाचून हे पत्र लिहिल्याशिवाय राहवेना. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ‘मेकॅनिक डिझेल’ या व्यवसायाचा शिल्पनिदेशक म्हणून माझी नोकरी झाली, आणि निवृत्तीनंतरही कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांकडून अधूनमधून ‘सर, जरा आवाज ऐकून जा’ असे बोलावणे येते. एवढ्या वर्षांच्या अनुभवावरून मला असे सांगायचे आहे की आवाजाचे निदान इंजिन चालू असतानाच होऊ शकते. खोललेल्या इंजिनात झीज दिसते, आवाज दिसत नाही. आणि दहा-पंधरा वर्षे चाललेल्या इंजिनात प्रत्येकच भाग थोडाफार झिजलेला असल्यामुळे ज्याच्यावर बोट ठेवावे तो दोषी ठरतो.

उदाहरण माझ्या डोळ्यांसमोरचे आहे. आमच्या शिवेलगतच्या गावातील एका ऊस बागायतदाराकडे पाच अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे, मिनिटाला १५०० फेऱ्यांचे, पाण्याने थंड होणारे इंजिन आहे. विहिरीवर विजेची मोटार असली तरी वीज रात्री-अपरात्री येत असल्यामुळे त्यांनी हे जुने इंजिन मोडीत काढलेले नाही. त्यातून एकाएकी जड ठोका येऊ लागला. तालुक्याच्या गावातील एका गॅरेजने इंजिन ठेवून घेतले, क्रॅंक, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा, दहाच्या मापात ग्राइंड केला, म्हणजे ०.२५ मिमीने बारीक केला, नवे बिगएंड (कनेक्टिंग रॉड क्रॅंकला जोडतो तेथील) व मेन (क्रॅंक ज्यात फिरतो ते) बेअरिंग घातले, रिंगा बदलल्या, पिस्टन व रॉड जोडणाऱ्या गजन पिनचे बुशही नवे ठोकले. बिल पाच आकडी झाले. इंजिन परत येऊन पायावर बसले, हँडल मारले, आणि तोच ठोका त्याच जागेवरून ऐकू आला.

मी गेलो तेव्हा प्रथम ते बिनभाराचे, कमी वेगात चालवायला सांगितले. ठोका अनियमित होता. दोनदा येई, मग एकदा चुके, मग पुन्हा येई. वेग वाढवताना किंवा उतरवताना तो जोरात येई आणि पंपाचा भार पडून वेग स्थिर झाला की जवळजवळ नाहीसा होई. बेअरिंगचा ठोका असा वागत नाही, त्याला भार जितका अधिक तितका जोर चढतो. इंजिन बंद करून मी फ्लायव्हील, म्हणजे क्रॅंकवरचे जड चाक, दोन्ही हातांनी धरले आणि पिस्टन कॉम्प्रेशनवर, म्हणजे हवा दाबण्याच्या टप्प्यावर, आल्यावर ते किंचित पुढे-मागे हलवून पाहिले, तेव्हा हातालाच ‘टक्’ असे लागले. चावीच्या (चाक क्रॅंकला घट्ट धरणाऱ्या लोखंडी पट्टीच्या) खाचेभोवती तांबूस लाल भुकटी साचलेली होती, जी दोन लोखंडी भाग एकमेकांवर घासत राहिले की हमखास दिसते. फ्लायव्हीलची चावी सैल झाली होती. लेथवर नवी चावी करून बसवायला दुपार पुरली. ज्या क्रॅंकला काहीही झालेले नव्हते, तो मात्र कायमचा पाव मिलिमीटरने बारीक झाला आणि असा तो मोजक्याच वेळा घासता येत असल्यामुळे त्याच्या आयुष्यातील एक माप विनाकारण खर्ची पडले.

यात त्या मिस्त्रींच्या हातात कौशल्य नव्हते असे मी म्हणणार नाही. ग्राइंडिंग उत्तम झाले होते आणि जोडणीही नीट होती. चूक जोडणीच्या आधी झाली होती. इंजिन गॅरेजच्या दारात टेंपोतून उतरले ते बंद अवस्थेत, आणि ते एकदाही चालू न करता त्याचे नट सैल झाले.

डिझेल इंजिन मुळातच आवाज करणारे यंत्र आहे, त्यामुळे ‘जादा आवाज’ कशाला म्हणावे हे आधी ठरवावे लागते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये ऑग्सबर्ग येथे जे तत्त्व प्रत्यक्ष चालवून दाखवले ते आजही तेच आहे: ठिणगी नाही, हवाच इतकी दाबायची की ती तापून तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेईल. आपल्या शेतावरील साध्या इंजिनांत हवा साधारण सोळा-सतरा पट दाबली जाते. इंधन फवारल्यापासून पेट घेईपर्यंत एक सूक्ष्म विलंब असतो. १५०० फेऱ्यांच्या इंजिनात सेकंदाच्या हजाराव्या भागात क्रॅंक नऊ अंश फिरतो, म्हणजे एवढ्याशा विलंबालाही इंजिनाच्या दृष्टीने मोठी किंमत आहे. विलंब जितका लांबतो तितके इंधन न पेटता साचते आणि मग ते सगळे एकदम भडकते. पिस्टनवर जणू हातोडा बसतो, आणि आपण ज्याला डिझेलचा खडखडाट किंवा नॉकिंग म्हणतो तो हाच. डिसेंबरातल्या पहाटे थंड इंजिन सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे हा आवाज मोठा असणे स्वाभाविक आहे, कारण गार सिलिंडरात विलंब वाढतो. गरम झाल्यावरही तो तसाच राहिला, किंवा काल नव्हता आणि आज आला, तरच काळजीचे कारण आहे. म्हणून मालकाने आपल्या इंजिनाचा रोजचा आवाज कानात साठवलेला असावा. मोबाइलमध्ये चांगल्या स्थितीतील इंजिनाचा मिनिटभराचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवला तर फारच उत्तम. पूर्वी आम्हाला ही सोय नव्हती.

निदानातील पहिला प्रश्न असा की हा आवाज जळणाचा आहे की लोखंडाचा. एका सिलिंडरच्या इंजिनात याचे पहिले उत्तर अगदी सोप्या रीतीने मिळते. इंजिन चालू असताना इंधन बंद करणारा दांडा ओढावा. इंधन तुटताच फ्लायव्हीलच्या जोरावर इंजिन काही फेऱ्या फिरत राहते. आवाज त्याच क्षणी थांबला तर तो जळणाचा किंवा जळणाच्या दाबाने वाजणाऱ्या बेअरिंगचा असण्याचा संभव आहे. फिरणे संपेपर्यंत तो चालूच राहिला तर टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या साखळीतील भाग), टायमिंग गियर, फ्लायव्हील यांच्याकडे पाहावे. एवढ्याने दोष सापडत नाही, पण अर्धे इंजिन संशयातून सुटते.

ट्रॅक्टरसारख्या तीन-चार सिलिंडरच्या जुन्या धर्तीच्या इंजिनात वेगळा मार्ग आहे. कमी वेगात इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरकडे (सिलिंडरात इंधन फवारणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या दाबाच्या नळीचा नट पाऊण फेरी सैल करायचा, म्हणजे त्या सिलिंडरला इंधन मिळत नाही. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर ठोका कमी होतो, आवाज त्या सिलिंडरशी निगडित आहे. बहुतेक मिस्त्रींना हे ठाऊक असते. घोटाळा होतो तो याच्या पुढच्या पायरीवर, आणि तो घोटाळा मी स्वतः केलेला असल्यामुळे सांगतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका ट्रॅक्टरच्या दुसऱ्या सिलिंडरमधून कडक ठोका येत होता. नट सैल करताच तो थांबला, म्हणून मी बिगएंड बेअरिंग गेल्याचा निर्वाळा दिला आणि ऑइल चेंबर उतरवून कनेक्टिंग रॉडची टोपी काढली. बेअरिंग आरशासारखे होते. आमचे वयस्क फोरमन काही न बोलता सर्व पुन्हा जोडायला लावून उभे राहिले. मग त्यांनी दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरचे इंजेक्टर आपसांत बदलले आणि इंजिन सुरू करायला सांगितले. ठोका तिसऱ्या सिलिंडरमध्ये गेला. नट सैल करण्याच्या चाचणीने सिलिंडर कळतो, भाग कळत नाही, कारण इंधन तोडले की जळणाचा हातोडाही थांबतो आणि त्या हातोड्याखाली वाजणारे बेअरिंगही गप्प बसते. इंजेक्टर बदलल्यावर आवाज इंजेक्टरबरोबर गेला तर दोष नोझलचा, म्हणजे इंजेक्टरच्या फवारणाऱ्या टोकाचा, आणि आवाज जागच्या जागी राहिला तरच लोखंडाचा. ही अदलाबदल करायला पाऊण तास लागतो आणि वॉशरांखेरीज काही खर्च नाही. एका सिलिंडरच्या इंजिनात अदलाबदल शक्य नसते, म्हणून तपासून ठेवलेला एक जादा इंजेक्टर मिस्त्रीने पिशवीत बाळगावा. मी आजही बाळगतो.

जळणाचा आवाज वाढण्यामागे सर्वांत अधिक वेळा नोझलच सापडते. नोझलची सुई अडकली किंवा तिची बैठक खराब झाली की इंधन धुक्यासारखे न फवारता थेंबांनी गळते. टेस्टरवर लावून हाताने दाब दिला की हे लगेच दिसते. लहान थेट फवाऱ्याच्या इंजिनात इंजेक्टर साधारण २०० बारच्या आसपास उघडतो, त्या वेळी कर्रकर्र असा आवाज येऊन फवारा सारखा पडावा आणि नंतर टोक कोरडे राहावे. टेस्टरच्या फवाऱ्यासमोर हात धरू नये, कारण त्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरते आणि वरून टाचणीएवढी दिसणारी जखम बोट गमावण्यापर्यंत जाऊ शकते. तसे झाल्यास दुखो वा न दुखो, तत्काळ रुग्णालय गाठावे.

दुसरे कारण इंधन सोडण्याची वेळ, म्हणजे टायमिंग. इंधन पंपाखाली पातळ पत्र्याच्या शिम असतात. एखादी शिम काढली की पंप खाली बसतो, कॅम (फिरत्या दांड्यावरचा उंचवटा) त्याला लवकर उचलतो आणि इंधन अपेक्षेपेक्षा आधी सिलिंडरात जाते, जेव्हा हवा पुरती तापलेली नसते. अशा इंजिनाचा धूर स्वच्छ असतो, ते हलके पळते, सुरू करताना हँडल मात्र उलटे मारते आणि कडक ठोकते. ‘जोर वाढवून देतो’ म्हणून शिम काढणारे लोक माझ्या परिचयाचे आहेत. मालक महिनाभर खूष असतो, मग हेड गॅस्केट (सिलिंडरच्या झाकणाखालचा सांधा बंद करणारी पट्टी) जाते किंवा पिस्टनचे माथे जळते, आणि त्याचा शिम काढण्याशी संबंध आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून ठोक्याबरोबर धूर पाहावाच. कडक ठोका आणि स्वच्छ धूर असेल तर टायमिंग आधी तपासावे, ठोका आणि काळा धूर एका सिलिंडरमधून येत असेल तर नोझल, आणि गरम झाल्यावरही पांढरा धूर व खडखडाट राहत असेल तर कॉम्प्रेशन कमी झाले आहे का, टायमिंग उशिरा गेले आहे का, हे पाहावे. कॅनमध्ये महिनोन्महिने ठेवलेले, पावसाळ्यात पाणी शिरलेले किंवा रॉकेल मिसळलेले डिझेल हेही एक कारण असते. पेट्रोल पंपावरील डिझेलचा सिटेन क्रमांक, म्हणजे ते किती चटकन पेट घेते याचे माप, आज किमान ५१ असतो. भेसळीने तो घसरला की विलंब वाढतो आणि इंजिन विनाकारण बदनाम होते. टाकी रिकामी करून ताजे डिझेल भरणे ही या यादीतील सर्वांत स्वस्त चाचणी असूनही ती सर्वांत शेवटी केली जाते, हे मला कधीच उमगलेले नाही.

जळण निर्दोष ठरले म्हणजे मग लोखंडाकडे वळावे, आणि येथे लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर हे मुख्य हत्यार आहे. टोक इंजिनाच्या अंगावर, मूठ कानामागच्या हाडाला. डॉक्टरांच्या नळीसारखाच त्याचा उपयोग होतो. पंखा, पट्टा आणि मोकळे धोतर-उपरणे यांपासून मात्र दूर राहावे. ब्लॉकच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागावर, टायमिंग कव्हरवर, रॉकर कव्हरवर असे क्रमाने टेकवत गेले की आवाज कुठे ठळक होतो ते समजते. कानाने जागा कळते आणि तालाने भाग कळतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रॅंकच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे टॅपेट-रॉकरचा ‘टिक’ सायलेन्सरच्या प्रत्येक धक्क्यामागे एकदाच येतो, तर क्रॅंक, फ्लायव्हील यांचा आवाज दोनदाही येऊ शकतो. सावकाश चालणाऱ्या ६५० फेऱ्यांच्या जुन्या इंजिनांवर हा ताल सरावलेल्या कानाला स्पष्ट ओळखता येतो. नव्या मुलांना मी आधी त्याच इंजिनांपाशी उभे करीत असे.

टॅपेटचा आवाज बारीक, कोरडा आणि वरच्या बाजूने येणारा असतो. कमी वेगात रॉकर कव्हर काढून, व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्या मधे फिलर गेजची (फट मोजायच्या साधनाची) पाती सरकवली की तो दबतो, आणि निदान तिथेच पुरे होते. लहान पंपइंजिनांत ही फट थंड असताना ०.१५ ते ०.२० मिमी इतकी असते, पण नेमका आकडा त्या त्या इंजिनाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. टॅपेट थोडे वाजले म्हणून मालक रागावतो, मग मिस्त्री आवाज पूर्ण बंद होईपर्यंत फट आवळतो. गरम झाल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते, व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि जळतो. वाजणाऱ्या टॅपेटपेक्षा गप्प बसवलेला टॅपेट अधिक महागात पडलेला मी पाहिला आहे.

पिस्टन झिजून लायनरमध्ये (सिलिंडरच्या आतील नळीत) सैल झाला असेल तर थंड असताना भांड्यावर भांडे आपटल्यासारखा पोकळ आवाज येतो आणि पिस्टन तापून फुगला की पंधरा-वीस मिनिटांत तो उतरतो. थंड इंजिनातील जळणाचा खडखडाटही असाच उतरतो, त्यामुळे या दोहोंत गफलत होते. इंजेक्टर काढून त्या भोकातून चमचाभर ऑइल पिस्टनवर सोडावे, डिकॉम्प्रेशन ठेवून, म्हणजे हवा दबू न देता, इंजिन हाताने चार-सहा वेळा फिरवावे, मग जोडून सुरू करावे. आवाज काही वेळ दबून पुन्हा आला तर तो पिस्टनचाच. चमचाभर म्हणजे चमचाभरच, कारण पिस्टनच्या माथ्यावर जागा फारच थोडी असते आणि ऑइल दबत नाही.

गजन पिनचा आवाज कमी वेगात, धातूवर धातू पडल्यासारखा, जोडीने येतो. बिगएंडचा ठोका त्याहून जड असतो आणि इंजिनाला थोडा वेग देऊन एकदम सोडले की उतरत्या वेगात तो उघडा पडतो. मेन बेअरिंगचा आवाज सर्वांत खालून, पायाच्या तळव्यांना जाणवेल असा धपधप येतो, भाराखाली वाढतो, आणि ऑइलचा दाबमापक असेल तर त्याचा काटाही त्याच सुमारास खाली आलेला असतो. ही वर्णने लिहिताना माझ्याच लक्षात येते की ‘जड’, ‘पोकळ’, ‘कडक’ हे शब्द ज्याने ते आवाज ऐकले आहेत त्यालाच कळणार. म्हणूनच वर्णनावर विसंबू नये. बेअरिंगविषयी शंका आली की ऑइल बोलते. गाळणी कापून तिची घडी पांढऱ्या कागदावर उलगडावी. चकाकणारे कण चुंबकाला चिकटले तर ते लोखंडाचे, म्हणजे गियर, रिंग, लायनर यांच्या बाजूचे. न चिकटणारे रुपेरी किंवा तांबूस कण दिसले तर बेअरिंगचे वरचे अस्तर उडाले असे समजावे. असे कण हाती आल्यावर इंजिन खोलायला माझी काहीच हरकत नाही. मग एक तासही ते चालवू नये.

इंजिनाच्या बाहेरून येऊन आतला असल्याचे भासवणारे आवाजही कमी नाहीत. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट फुटली की हुबेहूब टॅपेटसारखी चटचट होते. थंड इंजिन सुरू करून सांध्याजवळ काजळीची रेघ शोधावी. इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर गळत असेल तर ‘चफ्-चफ्’ येते आणि साबणाचे पाणी टाकताच बुडबुडे दिसतात. पाण्याचा पंप, डायनामो यांचा संशय असेल तर पट्टा उतरवून इंजिन अर्धा-एक मिनिट चालवावे, अधिक नव्हे. पायाचे बोल्ट पान्याने आवळून पाहावेत.

आता जाड ऑइलविषयी. आपल्या टिपणातील या सल्ल्याला माझा सर्वांत अधिक विरोध आहे. झिजलेल्या बेअरिंगमध्ये जाड ऑइलाचा थर उशीसारखा राहतो आणि ठोका काही दिवस ऐकू येत नाही, हे खरे. पण झीज थांबत नाही, फक्त तिची वर्दी थांबते. शिवाय थंड इंजिनात जाड ऑइल वरच्या रॉकरपर्यंत उशिरा पोहोचते, आणि बरीचशी झीज त्याच पहिल्या क्षणांत होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ऑइल पातळ का झाले हे कोणी विचारीत नाही. गळक्या नोझलमधून न जळलेले डिझेल लायनरवरून उतरून चेंबरमध्ये जाते, डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढते, बोटाला डिझेलचा वास येतो, आणि अशा पातळ ऑइलवर चालून बेअरिंग वाजू लागते. तेथे नोझल न बदलता बेअरिंग बदलले तर दोन हंगामांत पुन्हा तोच खर्च उभा राहतो. ‘ऑइल अजिबात खात नाही, उलट वाढतंय’ असे अभिमानाने सांगणारे एक आजोबा मला भेटले होते. त्यांच्या इंजिनात ऑइल कमी आणि डिझेल जास्त होते.

वर सांगितलेल्या काही युक्त्या नव्या इंजिनांना मुळीच लावू नयेत, हेही स्पष्ट करणे माझे कर्तव्य आहे. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून नवी प्रदूषण-मानके लागू झाली आणि त्या गटात कॉमन रेल इंजिने, म्हणजे सर्व इंजेक्टरांना एकाच सामायिक नळीतून दाबाखाली इंधन देणारी इंजिने, सर्रास दिसू लागली. त्यांच्या नळीत इंजिन चालू असताना हजार बारहून कितीतरी अधिक दाब असू शकतो. चालू स्थितीत तिचा नट सैल करणे म्हणजे जिवाशी खेळ होय. ही इंजिने शांत असतात, कारण मुख्य फवाऱ्याआधी संगणक अगदी थोडे इंधन सोडून पेटवून घेतो आणि मुख्य इंधनाला विलंबच उरत नाही. असे इंजिन एकाएकी जुन्या ट्रॅक्टरसारखे खडखडू लागले तर स्कॅनर लावून संगणकाने प्रत्येक इंजेक्टरच्या इंधनात केलेल्या दुरुस्तीचे आकडे वाचावेत, तोवर पान्याला हात लावू नये.

शहरी वाचकांसाठी एक पुस्ती. २००५ पासून तयार झालेल्या १००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरांना आवरणापासून एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे, त्यामुळे गृहसंकुलांतील जनरेटर ध्वनिरोधक पेटीत बंद असतात. शेजाऱ्यांच्या झोपेसाठी ते आवश्यकच आहे, परंतु पेटीने बिघाडाचाही आवाज अडवला जातो. महिन्यातून एकदा, दिवसा, जाणकाराने दार उघडून पाच मिनिटे भाराखाली तो ऐकावा, अशी नोंदच देखभालीच्या वहीत असावी.

आता, इतके सर्व ठाऊक असताना मिस्त्री इंजिन आधी खोलतात ते का, यावर बोलणे भाग आहे. माझ्या मते यात दोष मालकांचाही आहे. नोझल, बेअरिंग, रिंगा यांचे पैसे आपण मुकाट देतो, मजुरीही घासाघीस करून देतो. पण कोणी तासभर इंजिन ऐकून ‘खोलायची गरज नाही, चावी बदला’ असे सांगितले, तर ‘तुम्ही केलंत काय?’ असे म्हणून त्याच्या हातावर चहाच ठेवतो. डॉक्टर तपासणीची फी घेतात, औषध न देताही घेतात, आणि ती आपल्याला रास्त वाटते. वरील फ्लायव्हीलच्या प्रकरणात गॅरेजने पहिल्याच दिवशी योग्य निदान केले असते तर त्यांच्या पदरी त्या पाच आकडी बिलाचा दहावा हिस्साही पडला नसता. ज्या धंद्यात अचूक निदानाने नुकसान आणि चुकीच्या निदानाने नफा होतो, तेथे केवळ प्रामाणिकपणावर किती भार टाकायचा?

म्हणून माझी सूचना अशी की आमच्या भागातील गॅरेजांनी ‘आवाज तपासणी’ असा वेगळा दर उघडपणे फलकावर लिहावा आणि मालकांनी तो विनातक्रार द्यावा. इंजिन गॅरेजला नेण्यापेक्षा शक्यतो मिस्त्रीला शेतातील पंपावर न्यावे, कारण इंजिन ज्या पायावर, ज्या भाराखाली वाजते तेथेच ते ऐकायला हवे. आवाज थंड असताना येतो की गरम, भाराने वाढतो की घटतो, धूर कसा आहे, डिपस्टिक काय दाखवते, शेवटचे ऑइल व डिझेल कधी भरले, एवढे मालकाने आधीच कागदावर लिहून ठेवावे. खोलण्याचा निर्णय झालाच तर कोणत्या चाचणीच्या आधारे झाला, ते मिस्त्रीने त्याच कागदावर लिहून सही करावी. प्रशिक्षण संस्थांतील माझ्या सहकाऱ्यांनाही विनंती आहे की प्रात्यक्षिक परीक्षेत सुटे केलेले इंजिन जोडायला देतो त्याच्या जोडीला, मुद्दाम एक दोष ठेवून चालू केलेले इंजिनही विद्यार्थ्यांपुढे ठेवावे. सैल टॅपेट, काढलेली शिम, गळके नोझल असे दोष पाच मिनिटांत करता येतात आणि पाच मिनिटांत दुरुस्तही होतात. मी शिकवत असताना ते दर शनिवारी करीत असे. मुले डोळे मिटून स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून उभी राहत, आणि शेजारच्या वेल्डिंग विभागातील मुले त्यांना हसत.

आपल्या पानावर पुढील टिपण देताना जाड ऑइलाच्या सल्ल्याची दुरुस्ती छापावी, ही विनंती. उसाच्या भरणीनंतरच्या पाण्याचे दिवस तोंडावर आले आहेत आणि बरीच इंजिने याच आठवड्यांत सहा महिन्यांनी प्रथम सुरू होतील.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त शिल्पनिदेशक
(जि. सांगली)